खड्यांचा डबा

मांजराला वाघाची मावशी म्हणतात. त्या हिशेबाने जखमी प्राण्यांच्या त्या केंद्रात मावश्या दोन प्रकारच्या होत्या. एक पिंजऱ्यांतल्या, आणि दुसरी त्या पिंजऱ्यांची झाडलोट करणारी, राखाडी झग्यातली, साठीला टेकलेली बाई. डॉक्टरीणबाईंपासून फाटकावरच्या रखवालदारापर्यंत सगळे तिला मावशी म्हणत. गंमत अशी की ही बाई आईबापांची एकुलती एक. सख्खी बहीण नाही, मग सख्खं भाचरू कुठून येणार? पण एकटी बाई दिसली की लोक तिला एखादं नातं चिकटवून मोकळे होतात, आणि नातं चिकटवलं की तिच्याकडे बघायचं विसरून जातात. जगाची ही रीत काही आजची नाही.

मावशींचं काम मुक्याचं होतं. रानातली अनाथ पिल्लं केंद्रात यायची, ती वाढवून परत रानात सोडायची. त्यांना माणसाचा लळा लागता कामा नये. माणसाला न घाबरणारं पिल्लू रानात सुटल्यावर भेटेल त्या पहिल्या माणसाच्या पायाशी जाईल, आणि तो माणूस नेमका काठी घेऊन उभा असेल. म्हणून मागच्या आवारातल्या पिंजऱ्यांत जाताना माणसाचा वास लपावा म्हणून गवतात घोळवलेला राखाडी झगा घालायचा, त्याच्या टोपड्याची जाळी तोंडावर घ्यायची, हातमोजे चढवायचे आणि अवाक्षर काढायचं नाही. खोकला आला तरी बाहेर येऊन खोकायचं. आणि एखादं पिल्लू फारच जवळ करू लागलं, तर त्यासाठी होता खड्यांचा डबा. दुधाच्या पावडरीचा रिकामा डबा, आत मूठभर खडे. पिल्लू अंगाशी आलं की तो जोरात हलवायचा. खडखडाट झाला की पिल्लू पळे, आणि असं काही वेळा झालं की शहाणं होई. शहाणं म्हणजे माणसाला भिणारं. मावशींचा हात त्या डब्यावर इतका बसला होता की पिल्लाने पाऊल उचलायच्या आत डबा वाजे.

आता तुम्ही म्हणाल, अशा कामाला अबोल बाईच हवी. तिथेच तर गोम आहे. ही बाई आयुष्यभर बोलण्यावर जगली होती. गावाच्या बसस्थानकावर वर एक काचेची खोली होती, त्या खोलीत माईकपुढे बसून मावशी गाड्या पुकारायच्या. ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. बंदराकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर उभी आहे.’ आवाज असा की चहाच्या टपरीवर पेंगणारा माणूस खडबडून उठे आणि आपली नसलेली गाडीसुद्धा पकडायला धावे. एका ड्रायव्हरने तर तो आवाज ऐकून, बाई कशी दिसते हे न बघताच, लग्नाची मागणी घातली होती, आणि तोच पुढे नवरा झाला. घरीही त्यांच्या तोंडाला खीळ नसे. नवरा जेवताना नुसता हं हं करायचा आणि म्हणायचा, ‘आमच्या घरी रेडिओची गरज नाही.’

मग एक यंत्र आलं. त्या यंत्रात कुणा दुसऱ्याच बाईचा आवाज भरलेला होता. न थकणारा, न खोकणारा, सणसणीत आवाज. काचेच्या खोलीला कुलूप लागलं. पाठोपाठ नवरा गेला, गाडी डेपोत लावून, किल्ली ठेवून, बाकावर बसल्या बसल्या. मुलगा आधीच नोकरीसाठी दूरच्या शहरात गेलेला. केंद्रात जागा रिकामी आहे असं कळलं तेव्हा मावशींनी काम काय आहे हे पुरतं विचारलंही नाही. पहिले काही महिने जीभ नुसती वळवळायची. झाडू मारताना ओठ हलायचे. पुढे पुढे तेही थांबलं. आणि मग ते मुकेपण, झग्याबरोबर खुंटीला लटकून राहायचं सोडून, त्यांच्या मागोमाग घरी आलं.

घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. एका खोलीत पलंग आणि कपाट, दुसरीत ओटा, टेबल आणि दोन खुर्च्या. एका खुर्चीवर त्या बसायच्या, दुसरीवर धुतलेले कपडे. रविवारी मुलाचा फोन यायचा.

“आई, जेवलीस?”

“हो.”

“तब्येत?”

“बरी आहे.”

“मग, काय विशेष?”

“काही नाही. तुमचं?”

मुलगा थोडं सांगायचा, मग दोघंही गप्प. तिकडून भांड्यांचा आवाज यायचा, सून काहीतरी विचारायची, आणि फोन ठेवला जायचा. मुलाला वाटे, आपण गाव सोडलं त्याचा राग आईच्या मनात अजून आहे. मावशींना वाटे, पोराला वेळ नाही, कशाला त्याचं डोकं खायचं. दोघंही एकमेकांची काळजी करत होती आणि दोघांच्याही हाती काही लागत नव्हतं. असल्या समजूतदारपणाचा राग येतो, पण करता काय.

अशात पाच नंबर आली. शेतात कापणीचं यंत्र फिरत होतं, उंच गवतातून पिल्लाची आई उडी मारून पळाली, आणि मागे राहिलेलं एवढंसं पिल्लू यंत्रचालकाने आपल्या टोपीत घालून आणलं. उभे टोकदार कान, लांब पाय, पायांवर पट्टे, आखूड शेपटी, आणि तोंड असं की टोपीसकट जग फाडून खाईन. टोपीचा मालक म्हणाला, “घ्या, ही तुमची वाघीण. टोपी राहू द्या, तिने आत घाण केलीये.”

सगळ्यांनी बघितलं आणि सगळ्यांनी एकच सांगितलं, रानमांजर. डॉक्टरीणबाईंनी शिरस्त्याप्रमाणे चार केस उपटून तपासणीला पाठवले. सोडायच्या आधी प्रत्येकाचे पाठवतात, उत्तर यायला महिनोन्महिने लागतात, त्यामुळे त्याची वाट कुणी बघत नाही. रानात जायच्या पिल्लांना नाव द्यायचं नाही हाही नियमच. पाचव्या पिंजऱ्यात ठेवली म्हणून ती पाच नंबर.

मावशींनी तिला बाटलीने दूध पाजलं, पुढे मांसाचे बारीक तुकडे दिले. पोट भरलं की पाच नंबर शेपूट काठीसारखं उभं करून यायची आणि झग्यावर डोकं घासायची. तोंडाने एक बारीक, प्रश्न विचारल्यासारखा आवाज काढायची. मावशी डबा वाजवायच्या. ती पळायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा शेपूट उभं, पुन्हा तोच आवाज. पुन्हा डबा. इतर पिल्लं एव्हाना धडा शिकली असती, पण ही महा हट्टी. ती जितकी यायची तितका मावशी डबा जोरात वाजवायच्या. एकदा तर त्यांनी डबा तिच्या कानाशी नेऊन वाजवला. मनात म्हणाल्या, बाळे, तुझ्या भल्यासाठीच करतेय. मनातच, कारण बोलायचं नव्हतं.

शेवटी पाच नंबर शिकली. झगा दारात दिसला की ती लाकडाच्या ओंडक्यामागे जायची, आणि दार लागल्याशिवाय अन्नाला तोंड लावायची नाही. डॉक्टरीणबाई दाराच्या फटीतून बघून खूश झाल्या. “मावशी, तुमच्या हाताखालून इतकं रानटी पिल्लू आजवर गेलं नव्हतं.”

त्या दिवशी मावशी घरी गेल्या त्या ताठ मानेने. पोरगा वर्गात पहिला आल्यासारखं त्यांना झालं होतं. कुणाला तरी सांगावं असं वाटलं, पण रविवार लांब होता. आणि रविवारी फोन आला तेव्हा हे कुठून सुरू करावं ते त्यांना सुचलं नाही.

मग एका सकाळी डॉक्टरीणबाईंनी त्यांना आपल्या खोलीत बोलावलं आणि स्वतः चहा ओतून पुढे केला. साहेब लोक स्वतः चहा ओतायला लागले की बातमी धड नसते.

“पाच नंबरच्या केसांचा निकाल आला. ती पूर्ण रानमांजर नाही.”

“म्हणजे?”

“अर्धी घरातली आहे. आई रानातली असेल आणि बाप कुणाच्या तरी घरचा बोका. वस्ती शेतापर्यंत गेली की असं होतं. दिसायला सगळी रानातली, पण रक्त निम्मं निम्मं.”

मावशींनी कप खाली ठेवला. “मग काय झालं? सोडून द्यायची.”

“नाही सोडता येत. रानमांजरं आधीच थोडी उरलीत. हिची पिल्लं, पिल्लांची पिल्लं, असं करत ती जातच पातळ होत जाईल.”

“मग कुणाच्या घरी द्या.”

मावशींना आपल्याच बोलण्यातली चूक उमगली. ज्या मांजरीला माणसाची सावली सहन होत नाही, ती कुणाच्या घरी देणार? आणि तिला तसं केलं कुणी?

मावशी म्हणाल्या, “ती शेपूट उभं करून यायची. आवाज करायची.”

“रानातली पिल्लंही आईपुढे शेपूट उभं करतात,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “मोठी झाली की ते सोडून देतात. घरातल्या मांजरांची सवय मात्र जात नाही, ती माणसापुढेही करतात. हिचं यातलं नेमकं काय चाललंय ते मलाही ओळखता आलं नाही.”

“म्हणजे ती मला हाक मारत होती.”

“आपल्याला कुणालाच कळलं नाही, मावशी.”

खरं होतं ते. पण डबा सगळ्यांच्या हातात नव्हता, एकीच्याच हातात होता. मावशींनी चहा तसाच राहू दिला. जिला बोलायचं होतं तिच्यापुढे आपण मुक्या राहिलो, आणि मुक्या राहून भागलं नाही म्हणून डबा वाजवला. हे आपण अचूक केलं, मन लावून केलं, आणि वर शाबासकी घेतली.

मग डॉक्टरीणबाईंनी पुढचं सांगितलं. कायमचा ठेवायला केंद्रात एकही पिंजरा नाही. गवताची कापणी सुरू झाली की नव्या पिल्लांची रांग लागेल आणि पाचवा पिंजरा लागेलच. तोवर पाच नंबर जर माणसाजवळ आली, हातातून खाल्लं, तर पिल्लं न होण्याचं ऑपरेशन करून तिला घरी ठेवायची परवानगी त्या मिळवतील.

“आणि नाही आली तर?”

“तर कायमची झोपवायची सुई द्यावी लागेल. जंगलात नाही, घरात नाही, पिंजरा नाही. तिला मी कुठे ठेवू, सांगा.”

“मी न्यायला तयार आहे घरी.”

“तुम्ही तयार आहात. ती हवी ना.”

बातमी फाटकापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. रखवालदाराने पाच नंबरचं बारसं करून टाकलं, नाव अर्धवट. “मावशी, आता झगाबिगा फेका आणि बोला तिच्याशी. आमची बायको मांजराशी दिवसभर बोलते. माझ्याशी बोलायला तिच्याकडे शब्दच उरत नाहीत.”

दुसऱ्या दिवशी मावशी साध्या कपड्यांत, उघड्या तोंडाने पिंजऱ्यात गेल्या. पाच नंबरने त्यांचं तोंड आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं आणि ती जाळीवर अशी चढली की वरच्या पत्र्यावर डोकं आपटलं. झग्याला ती भीत होती खरी, पण झगा निदान ओळखीचा होता. ही कोण नवी बया? मावशी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या. बोलायचं ठरवून आल्या होत्या. तोंड उघडलं तर घशातून जुन्या दाराच्या बिजागरीसारखा आवाज आला.

“ये,” त्या म्हणाल्या. पुढे काय बोलायचं ते सुचेना. “ये ना. मी आहे.” तेवढ्यावर शब्द संपले. ज्या बाईचं तोंड एकेकाळी बंद होत नव्हतं, तिला एका मांजरीला सांगायला दोन वाक्यं मिळेनात. आपण काय होतो आणि काय होऊन बसलो, या विचाराने त्या घाबरल्याच.

दोन-तीन दिवस असे गेले. मांजर वरच्या फळीवर पाठ करून बसलेली, मावशी खाली स्टुलावर, मध्ये ताटलीत मासळीचे तुकडे. मग एकदा त्या कंटाळून, जे तोंडपाठ होतं तेच म्हणू लागल्या.

“प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. बंदराकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर उभी आहे. धरणाकडे जाणारी गाडी काही कारणाने उशिरा सुटेल. प्रवाशांची गैरसोय झाल्याबद्दल दिलगीर आहोत.”

आवाज सापडला. एवढ्या वर्षांनी, जसाच्या तसा. फळीवर पाठ तशीच होती, पण पाच नंबरचा एक कान मागे वळला.

मग काय, रोज गाड्या सुटू लागल्या. रखवालदार येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, “मागे जायचं तर तिकीट काढून जा, मावशींचं बसस्थानक चालू आहे.” हसोत बापडे. मावशी एकामागून एक गाड्या पुकारत होत्या, डोंगरपायथ्याची, साखर कारखान्याची, शेवटची मुक्कामाची. आणि गाड्यांच्या अधेमधे हळूहळू दुसरंही येऊ लागलं. नवऱ्याला कांदा चालत नसे ते. काचेच्या खोलीत हिवाळ्यात पाय कसे गारठायचे ते. आणि मुलगा गेला तो दिवस.

त्या दिवशी मावशींची कामाची पाळी होती. बदली बाई आलीच नाही. मुलगा खाली फलाटावर पेटी घेऊन उभा, त्या वर काचेत. माईकवर घरचं काही बोलायचं नाही हा कडक नियम. म्हणून मावशींनी त्याची गाडी पुकारली. मग पुन्हा पुकारली. मग, गरज नसताना, आणखी एकदा. तेवढंच त्यांना करता येत होतं. काचेवर ऊन होतं, त्यामुळे पोराने वर पाहिलं की नाही तेही दिसलं नाही. गाडी गेली. पुढची गाडी पुकारायची वेळ झालीच होती.

“झग्याच्या आधीही माझं असंच होतं बघ,” मावशी फळीकडे बघून म्हणाल्या. “सगळ्या गावाला ऐकू जायचं, आणि ज्याला सांगायचं त्याला काही नाही.” कान वळलेला होता, पण पाच नंबर खाली आली नाही.

लांबून कापणीच्या यंत्रांची घरघर ऐकू येऊ लागली. एका दुपारी डॉक्टरीणबाई पिंजऱ्याशी आल्या. त्या निष्ठुर नव्हत्या, पण पिल्लं टोपल्यांतून यायला लागली होती.

“मावशी, उद्या पाचवा रिकामा करावा लागेल.”

“खाते ती. मी बाहेर गेले की खाते.”

“मला माहीत आहे. आज थांबते मी इथे, दाराशी. काही दिसलं तर बघू.”

मावशी आत जाऊन स्टुलावर बसल्या. बोलायला गेल्या तर आवाज बसलेला, इतके दिवस गाड्या सोडून घशाचं पार वाटोळं झालं होतं. गार वारा सुटला होता. स्टुलाशेजारी, दाराजवळच्या खुंटीला तो राखाडी झगा अजून लटकत होता, खाली कट्ट्यावर डबा. हात लांब करून मावशींनी झगा ओढला, अंगाभोवती घेतला आणि डोक्यावरून घेतला. जाळीही आपसूक तोंडावर आली. आता काय, उद्या संपेल सगळं. मासळीचा एक तुकडा तळहातावर ठेवून त्या खाली मान घालून गप्प बसल्या. काही मिळवायचं म्हणून नव्हे, नुसतं बसायचं म्हणून.

बराच वेळ गेला. मग फळीवरून काहीतरी मऊ जमिनीवर उतरल्याचा आवाज आला.

मावशींनी जाळीतून पाहिलं. पाच नंबर ओंडक्याला वळसा घालून येत होती. पोट जमिनीलगत, एक पाऊल टाकलं की थांबायची. अर्ध्या वाटेवर ती उभी राहिली आणि तिचं ते आखूड शेपूट काठीसारखं सरळ वर गेलं.

आणि मावशींच्या हाताने डबा उचलला.

त्यांनी नाही उचलला, हाताने उचलला. वर्षानुवर्षांची सवय, शेपूट वर गेलं की डबा वर. तो हवेत अर्धवट उचलला गेला तेव्हा मावशींना आपण काय करतोय ते कळलं. बोटं घट्ट आवळून त्यांनी हात जागच्या जागी रोखला. आतले खडे एका बाजूला कलले होते. हात खाली न्यावा तर ते घरंगळतील, वर न्यावा तरी घरंगळतील. एक खडा वाजला तरी ही पोर पुन्हा कधी येणार नव्हती, आणि उद्या सकाळी सुई होती.

मावशींनी श्वाससुद्धा जपून घेतला. पाच नंबर आली. तळहात हुंगला, तुकडा उचलला, खाल्ला. मग झग्यावर डोकं घासलं, लहानपणी घासायची तसंच, जसं मधे काही घडलंच नव्हतं. मनगटाला कळा लागल्या होत्या. मावशींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला दुसरा हात मोकळा करायची त्यांची हिंमत नव्हती.

मग मांजरीने मान वर केली आणि डब्यालाच गाल घासला.

आत एक खडा सरकला. खुट्. पाच नंबर जागच्या जागी थिजली. कान मागे गेले. मावशींनी डोळे मिटले. जरा वेळाने मांडीशी काहीतरी टेकलं, जड आणि उबदार. डोळे उघडून पाहिलं, तर ती झग्याच्या घडीत अंग चेपून बसली होती. बाहेर फटीशी डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी आत यायची घाई केली नाही. मावशी डबा हातात धरून तशाच बसून राहिल्या, ती आपणहून उठेपर्यंत.

ऑपरेशन झालं, परवानगी आली, आणि पाच नंबर तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायला आली. बरोबर झगाही आला, डॉक्टरीणबाईंनी तो कायमचा देऊन टाकला. डबा मावशींनी केंद्रातच ठेवला, खडे मात्र आवारात स्वतः ओतून.

आता असं वाटेल की सगळं गोड झालं. तसं काही झालं नाही. मावशींच्या उघड्या तोंडाला पाच नंबर अजून बिचकते, आणि घरात त्या मोठ्याने बोलल्या की सरळ पलंगाखाली जाते, ती दिवसभर बाहेर येत नाही. डबा थोडा वेळ वाजला होता, पण त्याचा आवाज लांबवर जातो. मावशी संध्याकाळी झगा घालून खुर्चीवर गप्प बसल्या की ती येते, दुसऱ्या खुर्चीवरच्या कपड्यांवर चढते आणि त्यांच्याकडे बघत बसते. बोलायला घरात कुणीतरी असावं म्हणून बाईने जीव टाकला, आणि आलं ते असं, जे गप्प राहिलं तरच जवळ येतं. मावशींची त्याबद्दल तक्रार नाही.

अडचण आली ती रविवारी. फोन वाजला आणि पाच नंबर कपड्यांवरून ताडकन उठली. मावशींनी पटकन फोन उचलला, झगा तसाच अंगावर, आणि दार हलकेच ओढून घेऊन त्या बाहेर जिन्यात जाऊन बसल्या.

“आई, जेवलीस?”

“जेवले. ऐक, तू गेलास ना त्या दिवशी, तुझी गाडी मी पुन्हा पुन्हा पुकारली होती. ऐकलीस?”

मग मुलगा म्हणाला, “ऐकली की. मला वाटलं, पेटी घेऊन रेंगाळतोय म्हणून ओरडतेस.”

“नाही रे बाबा.” मावशी हसल्या आणि हसता हसता त्यांचा आवाज फाटला. “खाली येता येत नव्हतं मला. दुसरं काही बोलायची सोय नव्हती. म्हणून तेच तेच सांगत होते.”

तिकडे भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. मग मावशीच बोलत राहिल्या. काचेच्या खोलीतल्या उन्हाचं, त्याच्या बापाच्या हं हंचं, टोपीत घाण करणाऱ्या एका पिल्लाचं. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने दार उघडून वर पाहिलं आणि राखाडी झग्यात पायरीवर बसून हातवारे करणारी बाई बघून दार लावून घेतलं.

बऱ्याच वेळाने मुलगा म्हणाला, “आई, तुझा आवाज घुमतोय. कुठे आहेस तू?”

“जिन्यात बसलेय.”

“जिन्यात? एवढ्या गारठ्यात? घरात बसून बोल ना.”

मावशींनी मागे वळून बंद दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“नाही रे,” त्या म्हणाल्या. “घरात कुणीतरी आहे.”